घरातलं मीठ: लोणच्याला कोणतं आणि बाकी कशाकशाला?

कैरीफोड (म्हसरूळ)

मार्केट यार्डात कैऱ्यांचे ढीग लागले आणि आमच्याकडे दरवर्षीचा वाद सुरू झाला, म्हणून इथे विचारते. सासूबाईंच्या वहीत लोणच्यापुढे फक्त "मीठ दोन वाट्या" एवढंच लिहिलंय. त्यांच्या वेळी घरात खडेमीठच यायचं, आता सगळीकडे पुडीतलं बारीक. जाऊबाई म्हणतात आयोडीनच्या मिठाने लोणचं काळं पडतं आणि बुरशी धरते. नवरा म्हणतो मीठ ते मीठ, काय एवढा काथ्याकूट. किराणावाला तर म्हणे ताई गुलाबी घेऊन जा, हेल्दी असतं, भाव ऐकून मीच गुलाबी झाले.

तर प्रश्न एक, लोणच्याला कोणतं मीठ आणि किती. प्रश्न दोन जरा उगाचचा आहे. परवा सोसायटीत टेम्पोतून मिठाची पोती उतरताना बघितली, वॉचमनला विचारलं तर म्हणे पाण्याला लागतात. पाण्याला मीठ?? तेव्हापासून डोक्यात आहे की हे मीठ आपल्याकडे कुठे कुठे लागतं ते एकदा सगळ्यांना विचारावं. घर, दुकान, मळा, कारखाना, काहीही चालेल, लिहा बिनधास्त.

गंगेवरची काकू (पंचवटी)

अगं खडे की बारीक ते नंतर, आधी ती वाटी बाजूला ठेव आणि वजनकाटा काढ. खडेमीठ वाटीत भरलं की मधे पोकळी राहते, बारीक मीठ ठासून बसतं, म्हणजे वाटी तीच पण मीठ बरंच जास्त. वहीतल्या दोन वाट्या खड्यांच्या आहेत, तेवढंच पुडीतलं घातलंस तर लोणचं जिभेवर धरवणार नाही. मग सगळे म्हणतात पूर्वीची चव राहिली नाही. चवीला काय धाड भरलीये, माप बदललं ना.

मी फोडी झाल्यावर वजन करते आणि किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घेते, वर्षभर ठेवायचं तर दोनशेच्या जवळ, महिन्या-दोन महिन्यात फस्त होणार असेल तर दीडशे. कैऱ्या धुवून कोरड्या पुसायच्या मगच फोडायच्या, कोयीच्या आतला तो कागदासारखा पापुद्रा काढायचा, फोडी परत पुसायच्या, हळद-मीठ चोळून रात्रभर झाकून ठेवायच्या. सकाळी तळाशी पिवळाधमक खार सुटलेला असतो. फोडी उपसून सुती कापडावर पंख्याखाली पसरायच्या, कडा जरा चिवट झाल्या की पुरे. खार ओतून द्यायचा नाही हं, तोच मसाल्यात कालवायचा. मीठ मी आधी कढईत कोरडं भाजून गार करून घेते, दमटपणा जातो.

आणि बुरशी धरते ती ओल्या चमच्याने, नाहीतर तेल फोडींच्या वर आलेलं नसतं म्हणून. बिचाऱ्या आयोडीनच्या माथी मारू नका.

लेबलवाचक (कॉलेज रोड)

काकूंना +१. आयोडीनबद्दल थोडं लिहितो, अन्नतपासणीच्या क्षेत्रात आहे म्हणून.

आपल्याकडे मिठात घालतात ते पोटॅशियम आयोडेट. नियम असा की कारखान्यातून निघताना मिठात दहा लाख भागांत किमान ३० भाग आयोडीन पाहिजे आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडताना किमान १५. म्हणजे किलोभर मिठात मिलिग्रॅममध्ये मोजायची गोष्ट. एवढ्याशाने आपल्या तेलातल्या, हळद-मोहरीतल्या लोणच्याचा रंग काय बदलणार. बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून अजून एक पावडर असते, तिच्यामुळे नुसत्या मिठाच्या पाण्यात घातलेल्या लिंबा-मिरचीचं पाणी गढूळ दिसतं कधीकधी, तेही खराब झालेलं नसतं.

आता कायदा. आयोडीन कमी पडून गलगंड होतो, त्याच्या नियंत्रणाचा कार्यक्रम सरकारने १९६२ साली सुरू केला. बिनआयोडीनचं खायचं मीठ विकायला बंदी आली, २००० साली उठली, २००६ च्या मे महिन्यात परत आली, ती आजतागायत आहे. पण ही बंदी थेट खाण्याच्या मिठाला आहे. जनावरांसाठी, औषधं बनवायला, कारखान्यात वापरायला आणि पदार्थ टिकवायला लागणारं मीठ त्यातून वगळलंय, फक्त पाकिटावर तसं स्पष्ट छापलेलं पाहिजे. त्यामुळे जाऊबाईंनी लोणच्यापुरतं साधं खडेमीठ आणलं तर काही गुन्हा नाही, रोजच्या भाजी-आमटीला मात्र आयोडीनचंच वापरा. खडेमीठही आयोडीनवालं मिळतं, पाकीट उलटं करून वाचायची सवय लावा एवढंच. आणि गॅसच्या शेजारी उघड्या वाटीत ठेवू नका, उष्णता आणि दमट हवा लागून आयोडीन कमी होत जातं.

कैरीफोड (म्हसरूळ)

वा, जाऊबाईंना स्क्रीनशॉट पाठवला. निळी टिक आली, उत्तर नाही. मिठाची गुळणी धरून बसल्यात बहुतेक.

थंडगार_निफाड

ताई तुम्ही मीठ विकत घेताय, आमच्याकडे फुकट येतं, बोअरच्या पाण्यातून. हसू नका, द्राक्षवाल्याला विचारा मीठ म्हणजे काय ते.

एप्रिल-मे मध्ये विहिरी तळाला गेल्या की बोअरवर भागवावं लागतं आणि ते पाणी जड. ईसीचं, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचं, मीटर असतं खिशात मावेल असं, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं, आकडा चढला की पोटात गोळा. जास्त क्षाराच्या पाण्यावर बाग ठेवली की आधी जुन्या पानांच्या कडा करपतात, तपकिरी चटका लागल्यासारख्या, मग तो करपा आत आत सरकतो. नवखा माणूस रोग समजून फवारे मारत बसतो आणि औषधवाल्याचं घर भरतो. कालव्याच्या पट्ट्यात जिथं वर्षानुवर्षं पाणी मुरलं तिथं तर उन्हाळ्यात बांधावर पांढरा थर दिसतो, बोटाने उचलून जिभेला लावा, खारट लागतं.

त्यासाठीच तर बागा डॉगरिजच्या खुंटावर आल्या. खाली मुळं डॉगरिजची, वर कलम थॉमसनचं नाहीतर जी जात पाहिजे तिचं. तो खुंट खारं पाणी आणि पाण्याचा ताण दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. आणि खत घेताना सुद्धा बघावं लागतं, म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पण त्यात क्लोराइड, म्हणून द्राक्षाला महागडं सल्फेट ऑफ पोटॅश टाकायचं. जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट झाली असली तर जिप्सम टाका आणि चर खणून पाण्याला वाट द्या, नुसतं जिप्सम टाकून पाणी जागच्या जागी राहिलं तर पैसे मातीत.

बाकी गोठ्यात गव्हाणीवर मिठाची वीट टांगलेली असते, गाई येताजाता चाटतात. ते मीठ तेवढं विकत आणतो.

सेक्रेटरी_बिचारा (इंदिरानगर)

धागाकर्तीच्या पोत्यांचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण आमच्याही सोसायटीत येतात आणि दर मीटिंगला कोणीतरी विचारतंच की सेक्रेटरी मीठ खातो का.

बोअर किंवा टँकरचं पाणी जड असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं. त्याने नळाला पांढरी पुटं चढतात, गिझरची कॉइल जाते, सोलरच्या नळ्या भरतात, बायकांची केसांची तक्रार वेगळीच. म्हणून वॉटर सॉफ्टनर बसवतात. टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम पकडून बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं कडक पाणी त्यांच्यातून सोडायचं, मग ते कॅल्शियम सोडतात आणि परत कामाला तयार. म्हणून पोती. खायचं बारीक मीठ यात घालू नये, तळाशी चिखल होतो, जाडं घालायचं.

एक लक्षात ठेवा, त्या पाण्यात सोडियम वाढलेलं असतं, बीपीवाल्यांनी प्यायला वेगळी सोय ठेवलेली बरी.

थंडगार_निफाड

आणि ते मणी धुतलेलं खारं पाणी कुठं सोडता हो सेक्रेटरी साहेब?

सेक्रेटरी_बिचारा (इंदिरानगर)

ड्रेनेजला. आधीच्या कमिटीने बागेकडे पाइप काढला होता, कडेची अख्खी जास्वंद गेली, मग शहाणपण आलं.

थंडगार_निफाड

वाटलंच.

वायरमन_अंबड

मीठ आणि कोळसा, दोन्ही पोत्याने लागतं आमच्या धंद्यात आणि लोक अजून विचारतात चूल पेटवणार का.

अर्थिंगचा खड्डा घेतो तेव्हा तळाशी प्लेट नाहीतर पाइप उभा करतो आणि भोवती एक थर कोळसा एक थर मीठ असं भरत वर येतो. कोळसा ओल धरून ठेवतो आणि मीठ त्या ओलीत विरघळून करंटला जमिनीत जायला सोपी वाट करून देतं. आपल्याकडे खाली मुरूम आणि खडक, त्यात नुसता पाइप ठोकून काही होत नाही. पण मीठ लोखंड खातं, पाइप सडतो, पावसाने मीठ वाहूनही जातं, म्हणून हा खड्डा कायमचा नसतो. उन्हाळ्यात फनेलमधून बादलीभर पाणी ओतायचं असतं ते कोणी ओतत नाही, आणि मग फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून रात्री साडेदहाला मला फोन. आता केमिकल अर्थिंग आलंय, बेंटोनाइट नावाची माती वगैरे भरतात, नवीन बांधकामात तेच करा. जुन्या बंगल्यात मात्र मीठ-कोळसाच निघतो खाली.

नाना_गंगापूररोड

धागा छान चाललाय, आमच्या पिढीचं थोडं टाकतो.

ताट वाढताना मीठ सगळ्यात आधी, पानाच्या वरच्या टोकाला मधोमध, मग डावीकडे लिंबू चटणी कोशिंबीर. गोडाचं जेवण असलं तरी मीठ पाहिजेच. श्राद्धाच्या पानात मात्र वरून मीठ वाढायचं नाही असं आमच्या घरात कटाक्षाने पाळायचे. संकष्टीला २१ मोदक करायचे त्यातला एक मिठाचा, आणि खाताना तो हाताला लागला की तिथं जेवण थांबवायचं. आम्ही भावंडं तो कुठला असेल म्हणून मोदक हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचो आणि आजी वरून बघत असायची.

दिवेलागणीनंतर शेजारी मीठ मागायचं नाही, दिलं तरी हातावर नाही, खाली ठेवायचं आणि दुसऱ्याने उचलायचं, नाहीतर भांडण होतं म्हणे. आमच्या वाड्यात भांडणं तरीही रोज व्हायची, नळावर.

आणि भाषेत तर बघा, खाल्ल्या मिठाला जागा, तिखटमीठ लावून सांगा, जखमेवर मीठ चोळा, दुधात मिठाचा खडा टाका, एवढं सगळं मीठ करतं. लोणचं आणि लोणार दोन्ही त्या लवणातलेच, लोणी मात्र त्यातलं नाही, ते नवनीतातून आलंय. माझी सून इंदूरची, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हिने तिला "जरा मीठ घाल" म्हटलं तर पोरीने आमटीत साखर घातली, तिच्याकडे मीठा म्हणजे गोड. गंमत म्हणजे मूळ संस्कृत मिष्ट दोघांचं एकच, त्यांनी गोड धरलं आपण खारट. आमटी तशीच खाल्ली, गूळ असतोच की आपल्या आमटीत.

कोथिंबीर_फुकट

नाना 😂😂 आमटीला गूळ म्हटल्यावर आता इथे वेगळंच युद्ध होणार.

तर्कट (सिडको)

हातावर मीठ दिलं की भांडण, मीठ-मोहरीने दृष्ट काढली की पोर रडायचं थांबतं, २०२६ साल उजाडलं तरी आपलं हेच. मीठ विस्तवात टाकलं की तडतडतं कारण खड्यात अडकलेलं पाणी तापून फुटतं, एवढंच शास्त्र. त्याला "केवढी दृष्ट लागली होती बघा" म्हणायचं?

गंगेवरची काकू (पंचवटी)

अरे बाबा खडा का फुटतो ते आम्हालाही माहितीये. दिवसभर पाहुण्यांच्या कडेवर फिरून चिडलेलं पोर संध्याकाळी आजीच्या मांडीवर पाच मिनिटं शांत बसतं, आजी त्याच्यावरून मूठ फिरवत पुटपुटते, पोर तिच्या हाताकडे बघत राहतं आणि रडायचं विसरतं. मूठभर मिठात एवढं होत असेल तर तुझं काय जातं.

तर्कट (सिडको)

पोराला ताप असला आणि डॉक्टरऐवजी मीठ ओवाळत बसले तर जातं काकू. बघितलंय म्हणून बोलतो. बाकी मांडीवर बसवायला माझी ना नाही.

गंगेवरची काकू (पंचवटी)

ताप असला तर डॉक्टर, हे काय सांगायला पाहिजे? दोन्ही करतो आम्ही.

वॉर्ड_सिस्टर

डॉक्टरांचं नाव निघालंच आहे तर ड्युटीवरून आल्या आल्या लिहिते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं, म्हणजे सपाट चहाचा चमचा भरेल इतकं, आणि त्यात सगळं आलं, भाजीतलं, पोळीतलं, लोणच्यातलं, फरसाणातलं. पेशंट मला सांगतो सिस्टर मी वरून मीठ घेतच नाही, आणि डब्यात बघावं तर पापड, लोणचं, चिवडा. सकाळी मिसळ, तिच्या रश्शात मीठ, वर शेव तिच्यात मीठ, सोबत पापड. आपल्या नाशकात बीपीच्या माणसाला मिसळ सोड म्हणणं म्हणजे वैर घेणं आहे, तेव्हा मी म्हणते फरसाण अर्धं घ्या, पापड परत पाठवा, रस्सा दुसऱ्यांदा मागू नका.

"लो सोडियम" मीठ आणताय त्यांनी नीट वाचा, त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते पोटॅशियम रक्तात साठू शकतं आणि ते हृदयाला धोक्याचं असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उलटी-जुलाबात मात्र मीठच वाचवतं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजे चिमूट-मूठ नको, मीठ जास्त झालं तर लहान मुलांना उलट त्रास होतो. ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच आणा, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खी पुडी एकदम घाला, अर्धी अर्धी करू नका.

कैरीफोड (म्हसरूळ)

सिस्टर थँक्यू, हे चमच्याचं माप फ्रीजवर लिहून लावलं. बरं त्या गुलाबी मिठाचं काय, सैंधव आणि ते एकच का? उपासाला आम्ही सैंधव वापरतो ते पांढरंच असायचं.

लेबलवाचक (कॉलेज रोड)

एकाच कुळातलं, खाणीतलं मीठ. सैंधव म्हणजे सिंधूकडचं. आपल्याकडे येणारं बरंचसं पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं असायचं. गुलाबी रंग त्यातल्या लोहाच्या अंशाचा, बाकी जवळजवळ सगळं तेच सोडियम क्लोराइड. "८४ खनिजं" वगैरे जाहिरातीत ठीक आहे, पण ती इतकी कणभर असतात की त्यांच्यासाठी मीठ खायचं म्हटलं तर सिस्टर ओरडतील. शिवाय बहुतेक पाकिटांत आयोडीन नसतं, म्हणजे घरातलं सगळंच मीठ गुलाबी केलं तर आयोडीन बंद.

भावाचं म्हणाल तर २०१९ मध्ये पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के ड्युटी लागली आणि २०२५ च्या मे मध्ये आयातच बंद झाली. आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळ खाणीतलं मीठ निघतं, पण थोडं.

काळं मीठ म्हणजे पादेलोण वेगळं, त्याला तो सडक्या अंड्याचा वास गंधकामुळे. ताकात छान लागतं, लोणच्यात मुख्य मीठ म्हणून नको.

पाटी_पेन्सिल (नाशिकरोड)

मीठ म्हटलं की मिठाचा सत्याग्रह, मी शाळेत इतिहास शिकवते म्हणून राहवत नाही.

१९३० च्या मार्चमध्ये नाशकात काय चाललं होतं माहितीये? २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, इथली आघाडी दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली. आणि १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले, ६ एप्रिलला मीठ उचललं. म्हणजे दहा दिवसांच्या अंतराने दोन सत्याग्रह, एक देवळाच्या दारासाठी आणि एक मिठासाठी. पुस्तकात ते वेगवेगळ्या धड्यात येतात आणि मुलांच्या लक्षातच येत नाही की हे एकाच महिन्यातलं आहे. पंचवटीतल्या माणसाला तेव्हा समुद्राकडे बघायची गरज नव्हती, त्याच्या दारातच प्रश्न उभा होता.

मिठाचा सत्याग्रह समुद्राकाठी झाला, कोकणात शिरोड्याला, मुंबईत वडाळ्याच्या मिठागरावर. घाटावर समुद्र कुठून आणणार? म्हणून इकडे जंगल सत्याग्रह झाले, आपल्या बागलाणात, शेजारी संगमनेरला, तिकडे सांगलीकडे बिळाशीला. मिठाचा कायदा नाही मोडता आला तर जंगलाचा मोडला. आणि त्या चळवळीत पकडलेले कितीतरी लोक आमच्या नाशिकरोडच्या जेलमध्ये होते. मिठावरचा कर शेवटी गेला तो १९४७ ला.

मुलांना मी विचारते, कर मिठावरच का खुपला? तर एक पोरगा म्हणाला, "मॅडम मीठ तर गरीब पण तेवढंच खातो." पैकीच्या पैकी.

नाना_गंगापूररोड

वा मॅडम. आणि घाटावर मीठ पोचायचं कसं तेही सांगा मुलांना. रेल्वे व्हायच्या आधी कोकणातल्या मिठागरांचं मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवून आणायचे, लमाणांचे तांडेच्या तांडे, परतताना धान्य न्यायचे. आज कसाऱ्याचा घाट आपण गाडीत झोपून उतरतो.

भांडीवाला_दादा

तांबट लेनच्या बाजूला आमचं दुकान, त्यामुळे माझं मीठ तांब्या-पितळेला. लिंबाची फोड मिठात बुडवायची आणि तांब्याच्या हंड्यावर फिरवायची, काळा डाग बोटाखाली उजळत जातो, गुलाबी तांबं वर येतं, गिऱ्हाइकासमोर करून दाखवलं की गिऱ्हाईक खलास. आंबट हिरव्या-काळ्या थराला विरघळवतं आणि मीठ त्याला जोर देतं, शिवाय खरखरीत असल्याने घासलंही जातं. पण लावून ठेवून टीव्ही बघत बसू नका, पाण्याने खळखळून धुवा आणि लगेच कोरडं करा, मिठाचा अंश राहिला की दुसऱ्या दिवशी हिरवे ठिपके. चांदीला हे करू नका. ॲल्युमिनियमला तर नकोच नको, बारीक खड्डे पडतात.

आणि हो, बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात लोणच्याच्या फोडी मीठ लावून ठेवणाऱ्या माउल्या अजून आहेत, त्यांना हात जोडून विनंती, स्टील घ्या नाहीतर काचेचं, चिनी मातीचं. आंबट आणि मीठ दोन्ही पितळेला चढतं.

कोथिंबीर_फुकट

पॉट आइस्क्रीम विसरले का सगळे? लाकडी बादलीत बर्फ आणि जाडं मीठ, मधे डबा, आणि गल्लीतली सगळी पोरं हँडल फिरवायला. नुसता बर्फ वितळताना शून्यावरच थांबतो, मीठ घातलं की गारवा शून्याच्या पार खाली उतरतो, प्रमाण बरोबर जमलं तर उणे २१ पर्यंत, म्हणूनच दूध गोठतं. शेवटी झाकण काढताना कडेचं खारं पाणी आत गेलं की अख्ख्या गल्लीच्या शिव्या खायच्या.

कैरीफोड (म्हसरूळ)

मंडळी कमाल केलीत, खड्डे काय, हंडे काय, आइस्क्रीम काय. जाऊबाईंचं उत्तर पण आलं, म्हणतात "वजन करून घालते पण खडेमीठच घालणार". ठीक आहे, त्यांचं त्यांच्यापाशी. शेवटचा एकच प्रश्न काकूंना, खडेमीठ आणलं की पावसाळ्यात बरणीत पाणी सुटतं, पुडीतल्याला तेवढं होत नाही, ते का? आणि ते पाणी टाकून देऊ का?

गंगेवरची काकू (पंचवटी)

का ते लेबलवाला सांगेल. पाणी टाकू नकोस गं, वरणात घाल, फक्त जपून, चमचाभर सुद्धा भरपूर होतं.

लेबलवाचक (कॉलेज रोड)

शुद्ध मीठ हवेतलं पाणी फारसं ओढत नाही, हवा बरीच दमट व्हावी लागते. पण कच्च्या खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं ते पाणी ओढण्यात पटाईत, चवीला किंचित कडवटही लागतं. रिफाइंडमध्ये ते धुवून काढलेलं असतं आणि वर ती गुठळ्या न होऊ देणारी पावडर. जून लागायच्या आत खडेमीठ एकदा कडक उन्हात कापडावर पसरा, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. लाकडी नाहीतर प्लास्टिकचा चमचा ठेवा त्यात, स्टीलचा कायम आत राहिला तर त्यालाही डाग पडतात.

वायरमन_अंबड

आणि पाणी सुटलेलं, गुठळी झालेलं पोतं कोणाकडे पडून असेल तर फेकू नका, मला कळवा, नवीन खड्डा घेतोय या आठवड्यात.